अंडरटेल एवढं डोक्यावर घेण्यासारखं आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंडरटेल या व्हिडिओ गेमबद्दलच्या प्रश्नांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. मध्ये एक ठळक सूचना येईल. तिच्या वरचं सगळं, गेम न खेळलेल्यांनीही बिनधास्त वाचावं. खालचं मात्र एकदा शेवट पाहिल्यावरच.

आधी सरळ उत्तर द्या. एवढ्या कौतुकाला हा गेम पात्र आहे का?

आहे. फक्त कौतुकाची जी कारणं नेहमी ऐकू येतात (पात्रं गोड आहेत, संगीत भारी आहे, शेवटी डोळे भरून येतात) ती खोटी नसली तरी दुय्यम आहेत. गोड पात्रं आणि चांगलं संगीत असलेले गेम पुष्कळ निघतात. अंडरटेलची खरी करामत वेगळी आहे. सेव्ह करणं, मेल्यावर पुन्हा लोड करणं, एक्सपी (अनुभवाचे गुण) गोळा करणं, लेव्हल वाढवणं या गोष्टी आरपीजी (पात्राची ताकद वाढवत खेळायचे गेम) खेळणाऱ्यांच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्यांच्याकडे कुणी पाहतसुद्धा नाही. या गेमची गोष्ट नेमकी त्यांच्याबद्दल आहे.

खुद्द टोबी फॉक्सने २०१६ साली, गेमच्या पहिल्या वाढदिवशी, आपल्या या गेमला दहापैकी आठ गुण दिले होते. तो विनय नव्हता, हिशोब बरोबर होता. दोन गुण कुठे जातात तेही पुढे सांगितलं आहे.

हा गेम केला कुणी आणि कशात?

लेखन, संगीत, प्रोग्रॅमिंग आणि रचना जवळजवळ सगळी टोबी फॉक्सची. चित्रांसाठी मुख्य मदत टेमी चँगची. इंजिन गेममेकर स्टुडिओ. २०१३ च्या मे महिन्यात डेमो आला, त्यानंतर किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ५,००० डॉलर मागितले गेले आणि ५१,१२४ डॉलर जमले. १५ सप्टेंबर २०१५ रोजी विंडोज आणि मॅकवर गेम बाहेर पडला.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी एक गंमत. या गेमचा कोड उघडून पाहिलेल्यांना आतले संवाद एका अजस्र, संपता न संपणाऱ्या स्विच-केसमध्ये ओतलेले दिसतात. कोणत्याही अभ्यासक्रमात याला नापास करतील. पण खेळणाऱ्याला कोड दिसत नाही, संवादांचं टायमिंग दिसतं, आणि तिथे एक क्षणही चुकलेला नाही.

ग्राफिक्स इतके साधे का? जमलं नाही म्हणून, की मुद्दाम?

थोडं हे, थोडं ते. खिडकी ६४० बाय ४८० ची, वेग सेकंदाला ३० फ्रेम, चालताना दिसणारी पात्रं मोजक्या पिक्सेलची. काही खोल्या तर खरोखरच ओबडधोबड आहेत आणि त्यांचं समर्थन करत बसण्यात अर्थ नाही.

लढाईचा पडदा मात्र वेगळा. काळी पार्श्वभूमी, पांढऱ्या रेघांचा राक्षस, खाली एक चौकट आणि चौकटीत लाल हृदय. पडद्यावर दुसरं काहीच नसल्यामुळे छोटासा बदलही लगेच डोळ्यांत भरतो. राक्षसाचं नाव पिवळं झालं, हृदयाचा रंग बदलला, चौकट आक्रसली, एखादं बटणच नाहीसं झालं. नजर जिथे हवी तिथेच राहते. झगमगीत पडद्यावर यातलं निम्मं हरवलं असतं.

रेट्रो म्हटलं की लोकांना वाटतं, जुन्या आठवणी विकायचा धंदा आहे. इथे तो आरोप टिकत नाही. अर्थबाउंडचं ऋण उघड आहे, राक्षसांशी बोलण्याची कल्पना शिन मेगामी तेन्सेईकडून आली आहे, गोळ्यांचा पाऊस तोहोकडून. पण यातला एकही गेम न खेळलेल्या माणसालाही अंडरटेल पुरेपूर कळतो.

लढाई नेमकी कशी चालते?

तुमच्या पाळीला चार बटणं: फाइट, अ‍ॅक्ट, आयटम, मर्सी. समोरच्याच्या पाळीला त्याचा हल्ला चौकटीत गोळ्यांच्या रूपात येतो आणि तुम्ही हृदय हलवून तो चुकवायचा. फाइटमध्ये सरकती रेघ मध्यावर थांबवली की फटका जास्त बसतो. अ‍ॅक्टमध्ये प्रत्येक राक्षसासाठी वेगळे पर्याय असतात: कुणाची स्तुती करायची, कुणाला कुरवाळायचं, कुणाकडे सरळ दुर्लक्ष करायचं. योग्य ते केलं की नाव पिवळं होतं. मग मर्सीतून ‘स्पेअर’ निवडायचं.

हल्ल्यांचे रंग पाठ करून ठेवा. पांढरा चुकवायचा. निळा अंगावरून जात असताना जागचं हलायचं नाही. केशरी अंगावरून जात असताना हलत राहायचं. हिरवा मुद्दाम अंगावर घ्यायचा, त्यानं हेल्थ भरते. नवखे सगळ्यात जास्त मार खातात तो निळ्याकडून, कारण समोरून काही येताना दिसलं की बोट आपोआप बाणाच्या बटणावर जातं.

सुरू करण्यापूर्वी काय माहीत हवं?

फार काही नाही. बाणांनी चालायचं, झेड किंवा एंटर म्हणजे होकार, एक्स किंवा शिफ्ट म्हणजे नकार (संवाद भराभर पुढे न्यायलाही हेच), सी किंवा कंट्रोल म्हणजे मेन्यू. एफ४ दाबलं की खिडकी पूर्ण पडद्यावर पसरते. बाहेर पडायला एस्केप नुसतं दाबून भागत नाही, धरून ठेवावं लागतं.

सेव्हची जागा एकच असते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. जुना सेव्ह बाजूला ठेवून दुसरा करण्याची सोय नाही. सामानाच्या जागा आठ, त्यामुळे निरुपयोगी वस्तू गोळा करत बसू नका.

अडकलो तर? अवघड आहे का?

पहिल्या खेपेला मध्यम. अवघडपणा बदलण्याची सेटिंग नाही, आणि गोळ्या चुकवण्याचा हात नसलेल्यांची यात खरी अडचण होते. उपाय मात्र गेममध्येच पेरलेले आहेत. सुरुवातीच्या अवशेषांमध्ये आठ पायांच्या कोळ्यांचा बेक सेल (खाऊची विक्री) लागतो. तिथला ७ जीचा (जी म्हणजे गेममधलं चलन) डोनट १२ हेल्थ भरतो. एक विकत घ्या आणि न खाता जपून ठेवा, पुढे तो अनपेक्षित ठिकाणी कामी येतो. पुढच्या स्नोडिन गावच्या दुकानातला सिनॅमन बनी २५ जीला मिळतो आणि २२ हेल्थ देतो. बर्फाचा माणूस स्वतःचा जो तुकडा देतो त्यानं ४५ भरतात, पण तो खाल्ल्याचं गेम विसरत नाही.

चिलखत किंवा शस्त्र निवडताना फक्त डिफेन्सचा किंवा हल्ल्याचा आकडा पाहू नका. धूसर चष्मा (चिलखत) किंवा फाटकी वही (शस्त्र) घेतली तर एकदा मार बसल्यावर पुढचा काही क्षण तुम्हाला काही लागत नाही, तो काळ वाढतो. गोळ्यांचा मारा दाट असेल तिथे डिफेन्सपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

स्नोडिनमधल्या पपायरस या सांगाड्याशी हरायची भीती बाळगू नका. तो जीव घेत नाही, शेडमध्ये कोंडतो. तीनदा हरलात तर लढाई सोडून द्यायची सवलतही देतो.

कोणत्या मशीनवर खेळावं?

कुठेही. पीएस४ आणि व्हिटावर ऑगस्ट २०१७, स्विचवर सप्टेंबर २०१८, एक्सबॉक्स वनवर मार्च २०२१ मध्ये आला. स्विचवर एक जादा लढत आहे, तिच्यात दोन हृदयं एकाच वेळी सांभाळावी लागतात. तेवढ्यासाठी मशीन बदलू नये. अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि जपानी. विनोद बराचसा शब्दांच्या खेळावर आहे, त्यामुळे इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्यांनी संवाद घाईने पुढे ढकलू नयेत.

शेवटाकडे एका लढतीत पडदा जोरात लखलखतो आणि चित्रं झपाट्याने बदलतात. झगमगत्या प्रकाशाचा त्रास होणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

चाहते म्हणतात, ‘पहिल्यांदा कुणालाच मारू नकोस.’ ऐकावं का?

नाही. या फॅन्डमनं स्वतःच्याच आवडत्या गेमचं सगळ्यात मोठं नुकसान या सल्ल्यानं केलं आहे. अंडरटेल खेळाडूला त्याच्या सवयीसह पकडायला बघतो. सवय म्हणजे समोर राक्षस आला की फाइट दाबायचं. ‘मारू नको’ असं आधीच बजावलं की दया हा निर्णय राहत नाही, नियम होतो. थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना चॅटमध्ये ‘चुकतोयस, परत सुरू कर’ म्हणून भंडावून सोडण्याचे जे प्रकार २०१५-१६ मध्ये झाले, त्यांनी कित्येकांचा पहिला अनुभव नासवला. फॉक्सनेही कथा फोडू नका अशी विनंती केली होती.

नव्या खेळाडूला द्यायचा सल्ला एवढाच: जसं वाटेल तसं खेळ, पहिला शेवट पाहा, मग बोलू.

कंटाळवाणं काय आहे?

हे ते दोन गुण. हॉटलँड या उत्तरार्धातल्या भागाचा मधला पट्टा रेंगाळतो. मेटाटन या रोबोचे टीव्ही कार्यक्रम एकामागून एक येतात, आणि त्यांच्यामधली कोडी म्हणजे कोड्यांची थट्टा असली तरी ती सोडवावीच लागतात. थट्टा पहिल्यांदा कळते, चौथ्यांदा कंटाळा येतो. धावण्याची सोय नाही, त्यामुळे मागे फिरून जुन्या भागात जायचं म्हणजे पायपीट. आल्फिस या शास्त्रज्ञ पात्राचे फोन आणि मेसेज दर चार पावलांवर अडवतात. ती पात्राच्या स्वभावाची खूण आहे हे मान्य, पण अडवणूक ती अडवणूकच.

संगीताचं एवढं काय?

साउंडट्रॅकमध्ये १०१ तुकडे आहेत, पण मुळातल्या धुनी त्या मानानं थोड्या. तीच धून कधी संथ, कधी उलट स्वभावाची होऊन, भलत्याच पात्राच्या तोंडी परत येते. दोन पात्रांचा संबंध संवादांतून कळण्याआधी कानांना कळलेला असतो. दुसऱ्यांदा खेळताना हेडफोन लावा.

पपायरसचा भाऊ सॅन्स याच्या लढतीतली धून मात्र आता गेमपेक्षाही मोठी झाली आहे. जानेवारी २०२२ मध्ये व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलाकारांनी तिच्यावर कसरती केल्या. ती धून त्या लढतीत का वाजते हे ठाऊक असलेल्यांना यातली गंमत जरा जास्तच कळली असेल.

— इथून पुढे कथा उघड होते —

टोरिएलला वाचवायचं होतं, तरी ती मेली. असं का?

कारण तुम्ही दुसऱ्या गेमांतून शिकलेली युक्ती वापरलीत: हेल्थ कमी करायची आणि मग सोडून द्यायचं. तिची हेल्थ एका पातळीखाली गेली की पुढचा फटका एकदम जीवघेणा बसतो. हा बग नाही, सापळा आहे. खरा मार्ग म्हणजे पुन्हा पुन्हा ‘स्पेअर’ निवडत राहणं, वीसहून जास्त वेळा. बराच वेळ काही घडत नाहीसं वाटतं, पण तिचे शब्द बदलत असतात. तुमची हेल्थ फार उतरली की तिच्या ज्वाळा तुम्हाला टाळून जायला लागतात, तेही पाहून घ्या.

आता पुढचं. बहुतेक जण धक्का बसून सेव्ह लोड करतात आणि या वेळी तिला सोडतात. बाहेर पडताच फ्लावी तुम्हाला नेमकं तेच ऐकवतो: आधी मारलंस, मग परत येऊन वाचवलंस. गेम सुरू होऊन तास-दीड तासही झालेला नसतो, आणि सेव्ह फाइल हा तुमचा आणि मशीनचा खासगी व्यवहार नाही हे तुम्हाला कळतं. गेमवर लोकांचा जीव जडतो तो बहुधा इथे.

आसगोरनंतर गेम आपोआप बंद पडला. पुन्हा इन्स्टॉल करू का?

करू नका. ते ठरवून केलेलं आहे. पुन्हा सुरू करा आणि पुढे जा.

खरा पॅसिफिस्ट शेवट कसा गाठायचा?

एकही जीव न घेता, आणि तीन मैत्री जुळवून. सी दाबून ‘स्टॅट’ उघडत राहा: एलव्ही १ आणि एक्सपी ० दिसलं पाहिजे. एक्सपी एकदा चढून त्यावर सेव्ह झाला की मागे येता येत नाही, कारण सेव्ह एकच. मग रीसेट करून पहिल्यापासून.

१. पपायरसला सोडून द्या, मग स्नोडिनमध्ये त्याच्या घरासमोर भेटून त्याच्याबरोबर वेळ घालवा.

२. अनडाइनशी लढताना हृदय हिरवं असेल तोवर पळता येत नाही. ते लाल झालं की मर्सीतून पळ काढा. ती पुन्हा गाठेल, पुन्हा तेच करा. हॉटलँडच्या उकाड्यात ती कोसळली की शेजारच्या कूलरमधून पाणी घेऊन तिच्यावर ओता. बरेच जण सुटलो म्हणून तसेच पुढे पळतात. नंतर वॉटरफॉलमध्ये तिच्या घरी जा, दाराशी पपायरस वाट पाहत असतो.

३. मफेटच्या लढतीत तो जपून ठेवलेला डोनट खा. लढाई तिथेच थांबते.

४. आसगोर मर्सीचं बटणच फोडून टाकतो, त्यामुळे त्याच्यावर हल्ला करावाच लागतो. त्यानं पॅसिफिस्ट मार्ग मोडत नाही, घाबरू नका.

५. पहिला शेवट झाल्यावर शेवटचा सेव्ह लोड करा आणि स्नोडिनला परता. अनडाइन एक पत्र देते. ते आल्फिसच्या प्रयोगशाळेच्या दाराखालून सरकवा. त्यानंतरची भेट संपली की प्रयोगशाळेत परत जा. आजवर बाथरूम वाटलेलं दार म्हणजे लिफ्ट आहे, ती खाली खऱ्या प्रयोगशाळेत उतरते.

पहिल्या खेपेत कुणाला मारलं असेल तर पाचवी पायरी आत्ता मिळणार नाही, नव्यानं सुरू केलेल्या खेपेत मिळेल. आणि या सगळ्यात तुमची हेल्थ शेवटपर्यंत २०च राहते. दयेची किंमत गेम आकड्यात वसूल करतो.

जेनोसाइड रूट खेळावा का?

बहुतेकांनी नाही. नाव चाहत्यांनी ठेवलेलं आहे, कृती गेमची. प्रत्येक भागात राक्षसांची ठरावीक संख्या संपवावी लागते: अवशेषांत २०, स्नोडिनमध्ये १६, वॉटरफॉलमध्ये १८, हॉटलँड आणि कोअर मिळून ४०. सेव्हच्या जागी किती उरले ते लाल अक्षरांत दिसतं. राक्षस कमी होत जातात तसा दोन गाठींमधला वेळ वाढतो, आणि शेवटी फक्त ‘पण कुणीच आलं नाही’ अशा अर्थाची ओळ उरते. ती दिसण्याआधी त्या भागाच्या बॉसकडे गेलात किंवा पपायरसला सोडलंत, तर मार्ग तुटतो आणि साधा शेवट मिळतो.

हे सगळं कंटाळवाणं आहे, आणि तसंच ते असायला हवं. एक्सपीसाठी त्याच त्या खोलीत चकरा मारणं इतर गेममध्ये मेहनत म्हणून खपतं. इथे एक्सपी म्हणजे मारण्याचे गुण आणि एलव्ही म्हणजे हिंसेची पातळी, हे सॅन्स तोंडावर सांगतो. त्याची स्वतःची हेल्थ १, हल्ला १, बचाव १. कागदावर सगळ्यात दुबळा शत्रू. पण तो तुमचा प्रत्येक फटका चुकवतो आणि त्याच्या हल्ल्यातून विषासारखी हेल्थ झिरपत राहते. तुमची तेव्हाची ९२ हेल्थ, एवढे जीव घेऊन कमावलेली, डोळ्यांदेखत विरघळते.

जेनोसाइड संपवला आणि आता पॅसिफिस्टचा शेवट बिघडलेला दिसतो. दुरुस्त होईल का?

गेमच्या आतून नाही. शेवटी काळ्या पडद्यासमोर दहा मिनिटं थांबल्यावर जो सौदा झाला, त्याची नोंद सेव्हपासून वेगळ्या फाइलमध्ये राहते आणि रीसेट तिला हात लावत नाही. विंडोजवर लोकल अ‍ॅपडेटामधलं अंडरटेल नावाचं फोल्डर काढून टाकलं की ती पुसली जाते. क्लाउड सेव्ह चालू असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर जुनी फाइल परत येऊन बसते. यात फसणारे पुष्कळ आहेत.

करावं का, हा प्रश्न वेगळा. सौदा पुसण्यासाठी फोल्डर खोडणाऱ्यालाही गेम आपल्या गोष्टीत ओढतोच.

मग लोक चिडतात कशावर? गेमवर की चाहत्यांवर?

चाहत्यांवर. डिसेंबर २०१५ मध्ये गेमफॅक्स या गेमांच्या साइटच्या मतदानात, बाहेर येऊन तीन महिने झालेला हा गेम ‘आजवरचा सर्वोत्तम’ ठरला. जुने दिग्गज गेम मागे पडले तेव्हा त्यांच्या चाहत्यांचा राग अंडरटेलवर निघाला. २०१६ मध्ये तर पोप यांना त्याची प्रत भेट दिली गेली. इतकं ऐकून गेम सुरू करणाऱ्याला पहिल्या तासात बेडूक आणि कोडी दिसली की ‘हेच का ते?’ वाटणं साहजिक आहे.

त्याच फॅन्डमची दुसरी बाजू अशी की हातानं काहीतरी करणारी माणसं त्यात खूप आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये आलेला अंडरटेल यलो हा चाहत्यांनी केलेला, फुकट मिळणारा पूर्ण लांबीचा गेम आहे, आणि त्यातल्या काही लढती मूळ गेमपेक्षा देखण्या आहेत.

अंडरटेल आवडला. आता डेल्टारून खेळू का?

खेळा, तोही फॉक्सचाच गेम आहे, पण तो थेट पुढचा भाग समजू नका. पात्रं ओळखीची, जग वेगळं. पहिला अध्याय ऑक्टोबर २०१८ मध्ये, दुसरा सप्टेंबर २०२१ मध्ये, तिसरा आणि चौथा जून २०२५ मध्ये आला. लढाईत इथे तिघांची टोळी आहे. गोळ्यांना अगदी चाटून गेलात तर गुण मिळतात, त्यामुळे अंडरटेलमध्ये लागलेली कोपऱ्यात लपायची सवय सोडावी लागेल.